'सॅम्प्लर'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा:
अमेरिकेच्या वसाहतकाळावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. लहान मुलींनी लिननवर रेशमाने भरलेल्या 'सॅम्प्लर'चा उल्लेख त्यात सारखा येतो. त्यावर मुळाक्षरं, आकडे, वेलबुट्टी, एखादी प्रार्थना आणि खाली मुलीचं नाव नि वय असतं. मी 'भरतकामाचा नमुना' लिहिलं, पण वाचताना दुकानातला कापडाचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. 'वानगी' म्हटलं की धान्याची मूठ. दुसरा शब्द सुचतो का?

उत्तर:
'कित्ता' घ्या. मूळ शब्दाचा अर्थही तोच आहे. लॅटिन 'एक्झेम्प्लम' म्हणजे उदाहरण, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. १५३० साली जॉन पाल्सग्रेव्हने शब्दयादीत त्याचा अर्थ दिला तो असा: बाईने समोर ठेवून काम करावं ती वस्तू. छापील नक्ष्या दुर्मीळ होत्या. एखादा टाका किंवा वेल आवडली की ती अरुंद पट्टीवर भरून ठेवायची आणि पट्टी गुंडाळून जपायची. पुढे गरज पडली की तिच्यावरून गिरवायचं.

अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीच्या लोरा स्टॅन्डिशची पट्टी अशीच लांब, अरुंद आहे. सुमारे १६५३ सालची ही पट्टी अमेरिकेत भरलेली सर्वांत जुनी ज्ञात सॅम्प्लर मानतात. ती तिथल्याच पिलग्रिम हॉल संग्रहालयात आहे. लोराने तीवर स्वतःचं नाव भरलं आणि देवाला मागणं घातलं की माझं मन तुझ्या इच्छेकडे वळव, माझे हात कसबाने भर. आपणही भरतकाम 'भरतो', त्यामुळे ही ओळ मराठीत आपसूक उतरते. (तुमच्या मसुद्यात कुठे 'विणलं' असेल तर बदला.) लोरा वडिलांच्या आधी गेली. १६५६ साली वारलेल्या माइल्स स्टॅन्डिशने मृत्युपत्रात लिहिलं होतं की शक्य तितकं लोराच्या जवळ मला पुरा. तिच्या कापडाला 'नमुना' म्हणायला माझा हात धजत नाही.

आणखी एक उत्तर:
लोरापुरतं मान्य. पण अठराव्या शतकात हे कापड चौकोनाकडे झुकलं. भोवती किनार आली, मध्ये घर, झाडं, कधी आदम आणि हव्वा. आईवडील ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावू लागले. मुलीच्या हाताला काय येतं ते पाहुण्यांना दिसावं, म्हणून. हे आपल्या रुखवताच्या जवळचं झालं. कित्ता कोणी भिंतीवर लावत नाही.

पहिलं उत्तर देणारे:
चौकटीचा मुद्दा खरा आहे. तरी मी 'कित्ता' सोडणार नाही, कारण त्या कापडावरची अक्षरं. जुन्या पट्ट्यांवर बहुधा जे आणि यू नसतात, कारण आय-जे आणि यू-व्ही ही तेव्हा वेगळी अक्षरं मानत नसत. मुलगी ती मोजून मोजून, धाग्यावर धागा घेत, फुलीच्या टाक्याने भरायची. त्या टाक्याला तिकडे खुणेचा टाका म्हणत. चादरी, टॉवेल महाग असत, त्यांवर घराची आद्याक्षरं आणि क्रमांक घालावे लागत. आपण भांड्यांवर नाव घालतो ना, अगदी तसं.

सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींत, मुलींना वाचायला शिकवत, शिवायला शिकवत, लिहायला मात्र बहुधा नाही. लेखणी हे मुलांचं काम. कितीतरी बायका दस्तऐवजावर सहीच्या जागी नुसती निशाणी करत. त्या काळात एखादी मुलगी कापडावर आपलं पूर्ण नाव उमटवते, ते सुईने केलेलं लिहिणंच आहे. 'कित्ता' या शब्दाला अक्षरांचा वास आहे, 'नमुना' आणि 'रुखवत' यांना नाही. शिवाय मूल ज्या वहीत गिरवतं तिलाही आपण कित्ताच म्हणतो. म्हणजे समोरचं उदाहरण आणि गिरवलेलं काम, दोन्ही अर्थ त्यात बसतात.

विचारणा करणारी:
पटलं. पहिल्या उल्लेखाला 'कशिद्याचा कित्ता, म्हणजे सॅम्प्लर' आणि पुढे नुसतं 'कित्ता' लिहिते. चौकटीतल्यांना 'भिंतीवरचा कित्ता' चालेल का?

आणखी एक उत्तर देणाऱ्या:
चालेल. माझ्या शाळेतल्या मॅटीच्या तुकड्यावरही मी आधी 'अ' भरला होता, फूल नंतर.