‘मालसाना’ की ‘मालादा’: आजाराला स्वतःचा शब्द हवा का?

माहुलीकर (सातारा)
एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत आजारी म्हणजे ‘मालसाना’. ‘साना’ म्हणजे निरोगी, त्याला ‘माल’ लावला की उलट अर्थ. १९०७ साली तिच्यातून सुधारून निघालेल्या इदो या भाषेनं तो शब्द टाकून फ्रेंच ‘मालाद’, इटालियन ‘मालातो’ यांच्या वळणाचा ‘मालादा’ घेतला. मला हे मनापासून पटतं. गेल्या पावसाळ्यात आईनं आठ दिवस दुखणं काढलं. पेजेची वाटी समोर नेली तरी तोंड फिरवायची. त्याला नुसतं ‘निरोगी नसणं’ म्हणायचं? एस्पेरांतोत दवाखान्यालाही ‘मालसानुलेयो’ म्हणतात, निरोगी नसलेल्यांची जागा! इदोत सरळ ‘होस्पिटालो’.

मिरजेची मुक्ता
अजिबात पटलं नाही. मी वॉर्डात काम करते. जत, कवठेमहांकाळकडचे पेशंट ‘मी आजारी आहे’ असं क्वचितच म्हणतात. ‘सिस्टर, बरं वाटंना’ म्हणतात. ‘बरं’ला नकार लावला, तरी दुखणं कळतंच ना? ‘अस्वस्थ’ही तसाच. उलट ‘निरोगी’, ‘आरोग्य’ या शब्दांत रोग आधी आणि तब्येत म्हणजे रोग नसणं. युक्ती तीच, फक्त दुसऱ्या टोकाकडून. नवी भाषा शिकणाऱ्याचे कष्ट त्यानं निम्मे होतात.

माहुलीकर
पण फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश माणसाला ‘माल’ म्हणजे वाईट. एस्पेरांतोत ‘युना’ तरुण, तर म्हातारा ‘मालयुना’. म्हातारपणाला उगाच वाईटाचा वास. म्हणून तर इदोत उलट अर्थासाठी ‘देस’ आला.

मिरजेची मुक्ता
मग ‘मालादा’च्या पोटात काय आहे? लॅटिन ‘माले हाबितुस’, म्हणजे वाईट अवस्थेतला. तोच ‘माल’! शिवाय जर्मन ‘क्रांक’ म्हणतो, रशियन ‘बल्नोय’. त्यांना यात ओळखीचं काय मिळालं? निदान ‘मालसाना’ ज्याचा त्याला सोडवता येतो.

वाईचा वाचक
मी माहुलीकरांच्या बाजूनं. आपला ‘आजार’ फारसीतला. तिथं ‘आझार’ म्हणजे त्रास, इजा. आज तो कुणाला परका वाटतो? शब्द सोडवता यायलाच हवा असं कुठंय?

मिरजेची मुक्ता
‘आजार’ आपल्या तोंडी रुळायला शेकडो वर्षं लागली, आणि बोलणारी माणसं घरोघर होती. इदोकडं ती कधीच नव्हती. पुस्तकावरून शिकणाऱ्याला प्रत्येक नवा मूळ शब्द पाठच करावा लागतो.

माहुलीकर
करावा की. पाठ करायचे शब्द कमी करायला माझी हरकत नाही, पण ‘आजारी’ त्यातून वगळू नका. परक्या गावात ताप भरला तर पहिल्यांदा तोच लागणार.