‘ब्युएना विस्टा’च्या म्हाताऱ्यांना खरंच कुणी ‘शोधून काढलं’ का?

खर्ज:
लॅटिन संगीताच्या गप्पा निघाल्या की ‘ब्युएना विस्टा सोशल क्लब’ ही क्युबाची रेकॉर्ड येतेच, आणि त्यामागोमाग ठरलेली गोष्ट येते. क्युबा आपल्या थोर गायक-वादकांना विसरला होता, अमेरिकेतून गिटारवादक राय कूडर हवानाला गेला, त्याने या म्हाताऱ्यांना शोधून माइकसमोर उभं केलं आणि जगाला खजिना मिळाला. ती रेकॉर्ड मला जीव की प्राण आहे. गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही.

घडलं ते असं. लंडनच्या वर्ल्ड सर्किट कंपनीच्या निक गोल्डला पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे आणि क्युबाचे वादक एकत्र बसवून रेकॉर्ड करायची होती. मालीची मंडळी व्हिसाअभावी पोचलीच नाहीत. स्टुडिओ ठरलेला, कूडर हवानात हजर, म्हणून बेत बदलला. मार्च १९९६ मध्ये एग्रेम या सरकारी कंपनीच्या जुन्या स्टुडिओत सहा दिवसांत काम उरकलं. १९९७ ला रेकॉर्ड बाजारात आली, १९९८ ला ग्रॅमी मिळालं, पुढे लाखो प्रती खपल्या.

पण माणसं गोळा कुणी केली? हुआन दे मार्कोस गोन्सालेस या हवानाच्याच वादकाने. जुन्या ‘सोन’ शैलीच्या बुजुर्गांना घेऊन मोठा वाद्यवृंद उभा करायचं त्याच्या मनात आधीपासून होतं, आणि त्याच दिवसांत त्याच स्टुडिओत त्याने तो केलाही. ‘आफ्रो-क्युबन ऑल स्टार्स’ची पहिली रेकॉर्ड ती. कोण कुठे राहतो, कुणाचा गळा अजून शाबूत आहे, हे त्याला ठाऊक होतं. श्रेय देताना लोकांना त्याचं नाव आठवत नाही.

आणि ‘विसरलेले’ म्हणजे कोण? या रेकॉर्डवरच्या गायिका ओमारा पोर्तुओंदो १९५२ पासून क्वार्तेतो दाइदा या गायिकांच्या चौकडीत गात होत्या आणि नंतर एकट्या गायल्या; रंगमंच त्यांनी कधी सोडलाच नव्हता. त्या तर त्याच इमारतीत स्वतःच्या रेकॉर्डिंगला आल्या होत्या. गायक-गिटारवादक एलियादेस ओचोआ १९७८ पासून क्वार्तेतो पात्रिया हा बँड चालवत होता. बुजुर्ग गायक कोम्पाय सेगुंदो १९९६ च्या आधीच स्पेनमध्ये मैफली गाजवून आले होते. गाणं खरोखर सुटलेला माणूस एकच, इब्राहिम फेरेर. एकाची कहाणी घेऊन सगळ्यांच्या गळ्यात घातली गेली.

माझी दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. त्याच १९९६ मध्ये हवानात टिंबा या नव्या नाचाच्या संगीताने धुमाकूळ घातला होता. होसे लुईस कोर्तेसचा एनजी ला बांदा, हुआन फोर्मेलचा लोस वान वान, ला चारांगा हबानेरा. तरुण पोरं या बँडांवर नाचत होती, गाण्यांतून रोजच्या टंचाईवर आणि डॉलरवाल्या पर्यटकांवर बोललं जात होतं. १९९७ मध्ये दूरदर्शनवर दाखवलेल्या एका कार्यक्रमावरून चारांगा हबानेरावर सरकारने सहा महिन्यांची बंदी घातली, इतकं ते संगीत झोंबणारं होतं. जगाने मात्र क्युबाचं संगीत म्हणजे जुन्या मोटारी, सिगार आणि पांढऱ्या टोपीतले आजोबा, एवढंच धरलं. आजही हवानाच्या हॉटेलांत पर्यटकांसाठी तीच चार-पाच गाणी वाजतात. जिवंत संगीत बाजूला पडलं याची खंत इथे कुणाला वाटते का?

सांजवेळ:
खर्ज, तुमची माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो.

तुम्ही फेरेर ‘एकच’ म्हणून बाजूला ठेवलात. मला तर त्या एकासाठी अख्खा खटाटोप सार्थकी लागला असं वाटतं. बाराव्या वर्षी पोरका झालेला मुलगा, सान्तियागोच्या गल्ल्यांत गात वाढलेला. पुढे पाचो आलोन्सोच्या लोस बोकुकोस बँडमध्ये वर्षानुवर्षं गायला, पण नाचाची, ठेक्याची गाणी. बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं, गायची त्याची आयुष्यभराची इच्छा होती आणि तुझा गळा त्यासाठी नाही असं त्याला सांगण्यात आलं. शेवटी बूट पॉलिश करून घर चालवत होता. बोलेरोसाठी आवाज हवा म्हणून हुआन दे मार्कोस त्याला रस्त्यातून गाठून स्टुडिओत घेऊन आला.

आता इसोलिना कारियोचा तो गार्डेनियाच्या दोन फुलांचा बोलेरो लावा आणि फेरेर शब्द कसा सोडतो ते ऐका. जोर कुठेच नाही. ओळीचा शेवट तो ताणत नाही, हळूच खाली ठेवून देतो. अठ्ठावन्न-साठीनंतर गळा जरा कोरडा होतो, तो कोरडेपणा त्याने लपवलेला नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस प्रेमगीत गातोय आणि एका जागी खोटं वाटत नाही. २००० मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी त्याला लॅटिन ग्रॅमीचं ‘नवोदित कलावंत’ पारितोषिक मिळालं.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबात वीज नव्हती, कागद नव्हता, पेट्रोल नव्हतं. त्या अवस्थेत एग्रेम या माणसाची रेकॉर्ड काढणार होती? बाहेरचा पैसा आणि बाहेरचा कान आला नसता तर २००५ मध्ये तो गेला तेव्हा हा आवाज त्याच्याबरोबर गेला असता. ‘शोधून काढलं’ हा शब्द नको असेल तर राहू द्या. पण वाचवलं, हे तरी मान्य करा.

ढोलकी:
मी तबला वाजवतो, तेव्हा तालाच्या बाजूने लिहितो.

या रेकॉर्डमधला काचाइतो लोपेसचा बास आपल्या कानाने ऐकून बघा. आपण समेची वाट बघतो आणि समेवर बास गप्प असतो. त्याचा आघात चौथ्या मात्रेवर आधीच पडून गेलेला असतो आणि तोच सूर समेवरून पुढे वाहत जातो. दुसरा आघात दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या बरोबर मधोमध. याला तिकडे तुंबाओ म्हणतात. सम रिकामी ठेवल्यामुळे पाय आपोआप उचलला जातो. सुरुवातीला मला हात चुकल्यासारखं व्हायचं, टाळी द्यायलाच जमेना.

आता खर्ज म्हणतात त्या टिंबात हाच तुंबाओ आहे. फक्त तिथे बास मध्येच पूर्ण थांबतो, नुसती तालवाद्यं उरतात, नाचणारे पेटतात आणि मग बास धाडकन परत येतो. पाया एकच आहे. काचाइतोचे वडील ओरेस्तेस आणि काका काचाओ यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी दानसोन या जुन्या नृत्यसंगीताच्या शेवटच्या भागात जो नवा ठेका घातला, त्यातून पुढे मांबो हा नाचाचा प्रकार आला. म्हणजे त्या घराण्यात बदल हीच परंपरा. त्यामुळे ‘जुनं विरुद्ध जिवंत’ ही खर्ज यांची मांडणी मला पटत नाही. जो काचाइतो ऐकेल तो आज ना उद्या लोस वान वानपर्यंत पोचेल.

काळी चार:
@ढोलकी, पोचेल असं तुम्ही म्हणता, पण प्रत्यक्षात किती पोचले? मी खर्ज यांच्या बाजूने. माझी अडचण खुद्द ध्वनिमुद्रणातच आहे. कूडरची स्लाइड गिटार मला खुपते. आवाजाच्या मागे ती तरंगत राहते आणि सगळ्याला एक धुकट, हळवा रंग देते. सोन हे हळवं संगीत नाही, ते खट्याळ आहे, त्यात द्व्यर्थ आहे, टोमणे आहेत. त्याच दिवसांत त्याच खोलीत झालेली ऑल स्टार्सची रेकॉर्ड लावून बघा. तिथे ट्रम्पेट कसे अंगावर येतात! तेच शहर, बरेचसे वादकही तेच, आणि तरी ती हवाना जागी आहे. जगाने डोक्यावर मात्र दुसरी घेतली.

विम वेंडर्सच्या या मंडळींवरच्या १९९९ च्या माहितीपटाबद्दलही हेच म्हणेन. न्यू यॉर्कच्या दुकानाच्या काचेपुढे उभे राहून हे बुजुर्ग आतल्या बाहुल्या कुणाच्या ते ओळखायचा प्रयत्न करतात, त्या दृश्याने मला फार वाईट वाटलं. कसलेल्या कलावंतांना जत्रेत आलेल्या मुलांसारखं दाखवायची काय गरज होती?

सांजवेळ:
@काळी चार, कूडरला एवढं झोडपू नका. हाच माणूस आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर बसला होता. १९९३ ची ती जुगलबंदी, तिलाही ग्रॅमी मिळालं. तिथे तो किती जागा सोडतो, मोहनवीणा किती वेळ शांतपणे ऐकतो! पुढाऱ्याचा आव आणणारा हा वादक नव्हे. क्युबात काम केल्याबद्दल अमेरिकन सरकारने त्याला २५ हजार डॉलर दंड केला, तोही त्याने भरला.

आणि खोलीबद्दल म्हणाल तर त्या जुन्या स्टुडिओतला लाकडी घुमारा तुम्हाला दुसरीकडे कुठे ऐकू येतो? सगळे एकत्र बसून वाजवतायत, एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचं वाद्य शिरतंय. रुबेन गोन्सालेसकडे तेव्हा घरी पियानोही नव्हता, बोटांना संधिवात. सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधीच दाराशी येऊन थांबायचा आणि दार उघडलं की थेट पियानोवर. त्याचा हात ऐका, वाक्य अर्धवट सोडून दुसरीकडेच वळतो आणि नेमका ठेक्यावर परत येतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाची त्याच्या नावावरची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड त्याच दिवसांत झाली. क्युबाच्या कंपनीला इतक्या वर्षांत ते का जमलं नाही, याचं उत्तर खर्ज यांनी द्यावं.

हडसनकाठ:
न्यू जर्सीतून लिहितोय. इथल्या युनियन सिटीत क्युबन लोकांची जुनी वस्ती आहे आणि माझं बरंच आयुष्य त्यांच्या शेजारी गेलं. तुम्ही सगळे एका बेटाबद्दल भांडताय, पण क्युबाचं निम्मं संगीत बेटाबाहेर होतं, त्याचं काय?

गायिका सेलिया क्रूस १९६० मध्ये सोनोरा मातान्सेरा या बँडबरोबर मेक्सिकोला गेली ती परतली नाही. १९६२ मध्ये आई वारली, तर अंत्यविधीसाठीसुद्धा सरकारने येऊ दिलं नाही. तिची गाणी क्युबाच्या रेडिओवरून गायब झाली. रेकॉर्डचं नाव ज्या दानसोनवरून आलं तो काचाओचा, आणि काचाओ १९६२ पासून देशाबाहेर. काकाने रचलेला दानसोन पुतण्या हवानात वाजवतोय आणि काका मायामीत! १९९४ मध्ये अभिनेता अँडी गार्सियाने काचाओची रेकॉर्ड काढली, तिलाही ग्रॅमी मिळालं, पण तिच्याभोवती असली परीकथा कुणी विणली नाही. बेबो वाल्देस तर हवानाच्या त्रोपिकाना नाइटक्लबचा नामांकित पियानोवादक. स्टॉकहोमच्या हॉटेलांत वाजवत त्याने अनेक दशकं काढली. विसरला गेलेला म्हणायचा तर तो.

माझ्या शेजारच्या आजी ब्युएना विस्टा घरात लावू देत नसत. आवाज सुंदर आहेत, म्हणायच्या, पण त्या रेकॉर्डमध्ये मी नाही. कोम्पाय सेगुंदो आणि सेलिया एकाच आठवड्यात गेले, जुलै २००३ मध्ये, तो हवानात आणि ती इथे फोर्ट लीला. त्या आठवड्यात आजींनी दोघांच्याही नावाने मेणबत्ती लावली होती. मी खर्ज यांच्या बाजूचा, पण त्यांचा मुद्दाही अपुरा आहे. जुनं की नवं, हा प्रश्न नंतरचा. राहिलेले आणि गेलेले, ही फूट त्याआधीची आहे आणि ती या रेकॉर्डने झाकली.

मांडवी:
थोडं गोव्याकडून. मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत रुंबा, सांबा, बोंगो, माराकास आणले ते मुख्यतः आमच्या गोव्याच्या वादकांनी. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५० च्या ‘समाधी’त लॅटिन चालीवरचं गाणं दिलं, ते घराघरांत गेलं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांची नावं मात्र बहुतेक रेकॉर्डवर छापली गेली नाहीत. म्हणून हुआन दे मार्कोसच्या श्रेयाचा खर्ज यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ब्युएना विस्टाच्या पुस्तिकेत प्रत्येक वादकाचं नाव आहे, हे मात्र त्या रेकॉर्डच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

खर्ज:
सगळ्यांचं वाचलं. सांजवेळ, तुम्ही विचारलंत की एग्रेमला का जमलं नाही. एक तर पैसा नव्हता, तो तुम्हीच सांगितलात. दुसरं म्हणजे रुबेन आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाद्यवृंदात वाजवणारा, आधी आर्सेनिओ रोद्रिगेसकडे, मग कैक वर्षं एन्रिके होरीनकडे. नाव नेहमी बँडप्रमुखाचं. हे क्युबातच नाही, सगळीकडे होतं. त्याची स्वतंत्र रेकॉर्ड निघाली याचा मलाही आनंद आहे. पण रेकॉर्ड काढणं वेगळं आणि ‘यांचा देश यांना विसरला होता’ असं जगाला सांगणं वेगळं. पहिल्याबद्दल मी निक गोल्डचा ऋणी आहे, दुसऱ्याला माझा विरोध कायम आहे.

हडसनकाठ, तुमचा मुद्दा मोठा आहे. सेलिया आणि फेरेर एकाच पिढीचे, दोघांमध्ये जेमतेम दीड वर्षाचं अंतर. दोघं एकाच मंचावर उभे राहिले असते तर काय झालं असतं, हे ऐकायला मिळालं नाही.

ढोलकी, रिकाम्या समेबद्दल एकदम मान्य. म्हणून तर म्हणतो, एनजी ला बांदापण त्याच कौतुकाने ऐका.

सांजवेळ:
खर्ज, एक सांगायचं राहिलं. लोस वान वानला ग्रॅमी मिळालं ते २००० मध्ये, ब्युएना विस्टानंतर. त्याआधी ऑक्टोबर १९९९ मध्ये ते मायामीत वाजवायला गेले, बाहेर हजारो निदर्शक उभे होते आणि आत लोक नाचत होते. अमेरिकेच्या बाजारात क्युबाच्या वादकांना मागणी आली ती या म्हाताऱ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. दार उघडलं ते कोम्पायच्या खालच्या आवाजाने. टिंबावाले त्याच दारातून आत गेले.

काळी चार:
@सांजवेळ, आणि २००४ मध्ये तेच दार पुन्हा बंद झालं. फेरेरला ग्रॅमी जाहीर झालं आणि अमेरिकेने त्याला व्हिसा नाकारला. तेव्हा तो जगप्रसिद्ध होता, तरी आत घेतलं नाही. एका रेकॉर्डने दारं उघडतात यावर माझा विश्वास बसत नाही.