आंतरराष्ट्रीय संबंधांत रिसर्च फेलोशिप, मराठी मिडीयम चालतं का? अर्जात काय लिहू?

लासलगावची:
नमस्कार मंडळी. माझं एमए राज्यशास्त्र पुणे विद्यापीठातून झालंय, पेपर सगळे मराठीत लिहिलेत. यूजीसीची नेट परीक्षा दिली, जेआरएफ (त्यातून मिळणारी रिसर्चची फेलोशिप) थोडक्यात हुकली, 'फक्त पीएचडीसाठी पात्र' त्या कॅटेगरीत आले. वय २५. मला परराष्ट्र धोरणावर रिसर्च करायचाय, घरी सांगून झालंय की बीएड करणार नाही म्हणून, त्यामुळे आता काहीतरी करून दाखवायलाच पाहिजे 😅
सध्या डोक्यात जेएनयूची पीएचडी आहे, सप्रू हाऊसच्या (दिल्लीतली परराष्ट्र विषयांवरची संस्था, आयसीडब्ल्यूए) रिसर्च फेलोच्या जाहिरातीवर लक्ष ठेवून आहे आणि एक मैत्रीण म्हणते चेव्हनिंग (ब्रिटन सरकारची स्कॉलरशिप) पण भर. प्रपोजलचा विषय ठरवलाय 'भारत-चीन संबंध : आव्हाने आणि संधी'. सरांना दाखवला तर छान म्हणाले. इंग्रजी वाचते व्यवस्थित पण लिहिताना अडखळते. कुणी या लाईनमध्ये असेल तर सांगा प्लीज.

मुनिरकावाली:
आधी 'आव्हाने आणि संधी' खोडून टाक. राग मानू नकोस, पण सिलेक्शनला बसलेल्या माणसाने असं शीर्षक इतक्या वेळा बघितलेलं असतं की तो पुढचं पान उलटतच नाही. आणि चीनवर लिहायचं तर चिनी येणारी, पाच वर्षं त्याच विषयात घासलेली पोरं समोर आहेत, त्यांच्यात तू कुठे उभी राहणार?
आता तुझं नाव बघ. लासलगाव! अगं कांदा हा भारत-बांगलादेश संबंधांतला चांगला जाडजूड विषय आहे. सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी आली, पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या आणि भर कार्यक्रमात हिंदीत बोलून गेल्या की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी आचाऱ्याला सांगितलंय आता कांद्याशिवायच कर. सगळे हसले, पण सप्टेंबर २०२० ला परत तेच, ट्रक बॉर्डरवर अडकून कांदा सडला, ढाक्याने रीतसर नाराजी कळवली. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, लासलगाव भागातून कांद्याच्या मालगाड्या थेट बांगलादेशात दर्शना स्टेशनपर्यंत गेल्या होत्या. मग डिसेंबर २०२३ ला तिसरी बंदी. म्हणजे तीन बंद्या, एकच शेजारी. नाशिकचा शेतकरी, दिल्लीतला महागाईचा आकडा आणि ढाक्यातली नाराजी या तिघांत सरकार कुणाचं ऐकतं आणि का, एवढा एक प्रश्न धर.
सोर्सपण हाताशी आहेत. डीजीएफटीची (आयात-निर्यातीचे नियम काढणारं केंद्राचं खातं) नोटिफिकेशन्स, लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं, बाजार समितीचे रोजचे भाव. बंगाली शिकायला घे, निदान ढाक्याच्या 'प्रथम आलो' या पेपरच्या बातम्या वाचता येतील इतकी. अर्जात ती एक ओळ इंग्रजीतल्या चार भारी विशेषणांपेक्षा जास्त कामाची.
जेएनयूचं म्हणशील तर तुझ्या कॅटेगरीत नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वेटेज असतं, आणि तो स्कोअर वर्षभरच चालतो, त्यामुळे यंदाच भर. साऊथ एशियन स्टडीजचं सेंटर बघ. साऊथ एशियन युनिव्हर्सिटीचा फॉर्म पण भर, ती सार्क देशांची आहे, बांगलादेशी पोरं तिथे वर्गातच भेटतात.

धुकंपाऊस:
चेव्हनिंगबद्दल गैरसमज नको. मी यूकेतच आहे म्हणून सांगतो, ती रिसर्च फेलोशिप नाही, एक वर्षाची मास्टर्स आहे. त्याला २८०० तास कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षांची नोकरी, आणि झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतायचं. पीएचडीला पैसे मिळत नाहीत. तुम्ही नुकतंच एमए केलंय ना, मग आत्ता त्यात वेळ घालवू नका.

कट्टेकरी:
हे सगळं बोलायला ठीक आहे हो. दिल्लीत ओळख लागते. थिंक टँकमध्ये, म्हणजे या धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांत, कोण असतं ते बघा, रिटायर्ड राजदूत नाहीतर त्यांच्या ओळखीतली मुलं, इंग्रजी कॉन्व्हेंटचं. लासलगावची पोरगी तिथे कोण विचारतंय.

मुनिरकावाली:
@कट्टेकरी अर्धं खरं आहे तुमचं, ओळखीचा फायदा होतो, नाही कोण म्हणतंय. पण मग काय, फॉर्मच भरायचा नाही?
आणि ताई, जेआरएफ परत दे. महिन्याला ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,००० होतात, सोबत घरभाडं वेगळं. वयाची अट ३० आहे पण मुलींना पाच वर्षांची सूट असते, म्हणजे तुझ्याकडे भरपूर वेळ आहे. घाईत पडेल ती नोकरी धरू नकोस.

पेन्सिलतासू:
पैशांवरून आठवलं, बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था पीएचडीला फेलोशिप देतात, त्यांतलं तुमच्या प्रवर्गाला जे लागू असेल ते बघून ठेवा. पण ते पीएचडीचं रजिस्ट्रेशन झाल्यावर, आधी नाही. जाहिरात कधी येईल याचा भरवसा नसतो, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर वगैरे आत्ताच काढून फाईल लावा.
शिफारसपत्राचं कुणी बोललंच नाही. आपल्याकडे सर म्हणतात 'तूच लिहून आण, मी सही करतो'. आणि मग त्यात 'शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' एवढंच असतं, तीन सरांची तीन पत्रं सारखीच. नुसतं कोरं पत्र नका नेऊ. सोबत तुमचा एखादा ट्युटोरियल, सेमिनारचा पेपर, प्रपोजलचं एक पान असं द्या आणि म्हणा सर यातलं एखादं उदाहरण पत्रात येऊ दे. एचओडीचं मोठं नाव घेण्यापेक्षा ज्या मॅडमनी तुमचं डेझर्टेशन खरंच वाचलंय त्यांच्याकडून घ्या.
इंग्रजीसाठी एक. मराठीत लिहून मग भाषांतर करू नका, वाक्यं लांबलचक आणि वाकडी होतात. सुरुवातीपासून तोडकंमोडकं का होईना इंग्रजीतच लिहा, मग कुणाकडून तरी तपासून घ्या.

लासलगावची:
बापरे, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना 🙏 कांद्याचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, घरात रोज तेच ऐकते म्हणून असेल. बाबांच्या ओळखीचे दोन-तीन व्यापारी बांगलादेशला माल पाठवतात, त्यांच्याशी बोलता येईल. पण @मुनिरकावाली ताई, हे मग अर्थशास्त्राचं नाही का होणार? मुलाखतीत विचारलं की यात आंतरराष्ट्रीय संबंध कुठे आहेत तर काय सांगू?

मुनिरकावाली:
विचारणारच, शंभर टक्के. भाव किती पडले हा अर्थशास्त्रवाल्यांचा प्रश्न, तो त्यांना राहू दे. तू असं सांग की मार्च २०२४ मध्ये बंदी चालू असतानाच बांगलादेशला ५०,००० टन आणि यूएईला १४,४०० टन कांदा सोडला, तोसुद्धा एनसीईएल या सहकारी संस्थेमार्फत, नेहमीच्या व्यापाऱ्यांमार्फत नाही. एप्रिलमध्ये यादीत श्रीलंका, भूतान, बहरीन, मॉरिशस पण दिसतात. मग कोणत्या देशाला किती हे कोणी ठरवलं, परराष्ट्र खात्याचं त्यात किती चाललं आणि त्या देशांनी मागणी कुठल्या दारातून पोचवली? व्यापाऱ्यांना पण हेच विचार, भावाचं नको. प्रपोजलचं पहिलं पान झालं की इथेच टाक, बघते मी.