अण्णांच्या डायऱ्या आणि ‘गु. जे.’

ग्रुप: शनिवारातली मंडळी

मी: काकूंच्या माळ्यावरची ट्रंक आज उघडली. सोसायटी पुनर्विकासाला चाललीय, महिनाअखेर फ्लॅट रिकामा करायचाय, म्हणून एकेक सामान खाली काढत होतो. तळाला सतरंजीत गुंडाळलेल्या अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या, नऊ डायऱ्या निघाल्या. १९५४ ते १९६३, मधली ५६ची नाही. ६०पर्यंतच्या सगळ्यांच्या कडा तपकिरी झाल्यात, पानं एकमेकांना चिकटलीत. ६१ची मात्र चांगली आहे. रद्दीचा विषय कुणी काढू नका, प्लीज.

काकू: मी कुठे काढला गं? जागेचं काय करायचं एवढंच विचारलं होतं.

मोठे काका: तो तपकिरी रंग म्हणजे पानशेतचा गाळ, ६१ला धरण फुटून पुण्यात पूर आला त्याचा. शनिवार पेठेतल्या आपल्या वाड्यात, माडीवरच्या फडताळाच्या खालच्या कप्प्यात होत्या त्या. माडीवर पाणी चढेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ६१ची वाचली कारण ती अण्णांच्या ऑफिसच्या पिशवीत असायची. त्या दिवशी ते कॅम्पात, मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत होते. पानं ओढून सोडवू नकोस. वाफेवरही धरू नकोस, शाई जाईल. तशीच ठेव.

भाऊ (टोरांटो): सुटी आहेत त्या पानांचे फोटो टाक ना. मी इथे टाइप करून ठेवतो.

मी: हे बघ, १ एप्रिल १९५७चं पान. “सोमवार. नवे पैसे सुरू. पगार ११८. घरात दिले ४०. भाडे ११. पतपेढी हप्ता ५. सायकल पंक्चर. कोथिंबीर १ आणा, ६ न. पै. दिले.”

भाऊ (टोरांटो): “घरात दिले” म्हणजे घराच्या डागडुजीला का?

मोठे काका: अरे नाही. “घरात” म्हणजे आई, तुझी आजी. बायकोचं नाव घ्यायचं नाही आणि लिहायचंही नाही. पुढे “घरात बरे नाही” असं दिसलं तर आजी आजारी होती असं वाच.

आत्या: दादा, म्हणजे नऊ डायऱ्यांत आईचं नाव एकदाही नाही?

मी: अजून तरी नाही दिसलं, आत्या. पण “घरात” जवळजवळ रोज आहे. “घरात दाढ.” “घरात माहेरचे पत्र.” “घरात म्हणणे, रतीब पाव शेराने वाढवावा.” आणि दोन दिवसांनी “रतीब वाढवला.”

आत्या: कोथिंबिरीचं मी सांगते. मी तेव्हा सहा वर्षांची, पण ही गोष्ट आईकडून शंभरदा ऐकलीय. जुन्या चार आण्यांचे २५ नवे पैसे. म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. पण वरचा पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून कोष्टकात एका आण्याला ६, दोनाला १२, तिनाला १९, चाराला २५. आईने पहिल्याच आठवड्यात हेरलं की चार आण्यांची भाजी एकदम घेतली तर २५ जातात आणि एकेका आण्याची चारदा घेतली तर २४. मग ती मंडईत एका गाळ्यावर आण्याची मेथी घ्यायची, पुढच्या गाळ्यावर आण्याची गवार. वाचलेला पैसा देवापुढच्या वाटीत. महिनाअखेर त्या वाटीतून आम्हाला पेन्सिल यायची. शाळा तिची चौथीपर्यंतच, पण हिशोबात अण्णा तिला विचारायचे.

काकू: हे मला सासूबाईंनी कधीच सांगितलं नाही. वाटी मात्र माझ्याकडे आहे, पितळेची. देवात अजून तीच आहे.

मी: एक गोष्ट काही केल्या लागत नाहीये. २० जून १९५७पासून दर आठवड्याला एकदा खर्चाच्या खाली बारीक अक्षरात “गु. जे.” येतं. त्यापुढे पैसे नाहीत, काही नाही. कधी “गु. जे. नाही, ताप.” मे महिन्यात अजिबात नाही, जूनमध्ये परत सुरू. तारखा तपासल्या, सगळे गुरुवार.

भाऊ (टोरांटो): गुरुजींची पूजा? गुरुवारचा उपास?

मोठे काका: “गुरुवारचा जेवला.”

मोठे काका: आमच्याकडे गुरुवारी एक मुलगा वाराने जेवायला असायचा. आता ही पद्धत कुणाला माहीत असेलसं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. गावाकडचा गरीब मुलगा पुण्याला शिकायला आला की सात वारांना सात घरं लावायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी वेगळी, ती रोज झोळी घेऊन चार-पाच घरी मागायची. वाराचा मुलगा ठरल्या दिवशी पानावर बसायचा, घरच्यांसारखा. अशा मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करणारी विद्यार्थी सहायक समिती १९५५ साली निघाली, पण शहरात मुलं होती कितीतरी. ज्यांना कुठे जागा मिळाली नाही ती अशीच शिकली. एखादं घर सुटलं की त्या वारी पाणी पिऊन झोपायचं.

हा गुहागरकडचा. आला तेव्हा नववीत होता. उंच, खांदे पुढे झुकलेले, शर्टाला कोपरावर ठिगळ. आला की आधी नळावर पाय धुवायचा, मग आईला विहिरीचं पाणी काढून द्यायचा, मग जेवायला बसायचा. आईने कितीदा सांगितलं की पाणी नको भरूस, आधी जेव. ऐकायचा नाही. आम्ही पोरं त्याला “गुरुवार”च म्हणायचो. “आई, गुरुवार आला.” तोंडावरसुद्धा. आज वाईट वाटतं.

आत्या: मला भूमिती त्यानेच शिकवली. पाटीवर हाताने वर्तुळ काढायचा, कर्कटकाशिवाय, आणि ते जुळायचं.

भाऊ (टोरांटो): त्याचं नाव काय होतं पण?

मोठे काका: तेच आठवत नाही. सकाळपासून डोक्याला ताण देतोय.

आत्या: मलाही नाही रे. आडनावाचाही पत्ता नाही.

मी: डायरीत मिळेल असं वाटलं म्हणून ६१ची पूर्ण चाळली. काका, १२ आणि १३ जुलैची पानं टाकू का? तुमची हरकत असेल तर नाही टाकत.

मोठे काका: टाक. फक्त ज्या पानांवर अण्णांनी कुणाकडून उसने घेतल्याची नावं आहेत ती टाकू नकोस. त्यांची मुलंनातवंडं आहेत पुण्यात.

मी: “१२ जुलै, बुधवार.” पेन्सिलने आहे, बाकी सगळं शाईने. “धरण गेले. कचेरीतून निघालो, पुलापाशी अडलो. घरची मंडळी सर्व सुखरूप, रात्री १० वाजता भेट. वरच्या अंगाच्या शाळेत मुक्काम. दिवे नाहीत. पाणी नाही.”

ताई (नागपूर): एवढंच?

मोठे काका: एवढंच लिहिणार ते. पुलापाशी अडले म्हणजे सहा-सात तास आपली मंडळी जिवंत आहेत का नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही सकाळीच निघालो होतो. कुणी ओरडत गेलं, लोक पर्वतीकडे पळत होते. आईने तुझ्या बाबांचा हात धरला, मी तुझ्या आत्याला खांद्यावर घेतलं. शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून बसलो. सगळ्या शहराला पुराने वेढलेलं आणि प्यायला थेंब नाही, कारण नळाचं पाणी खडकवासल्याचं आणि तेही धरण फुटलेलं. पुढे किती दिवस कात्रजच्या हौदांवर आणि आडांवर रांगा होत्या.

आत्या: वाड्याच्या भिंती मातीच्या. पाणी उतरल्यावर त्या आतून भिजलेल्या, एकेक बसत गेल्या. मला तो आवाज आठवतो, धप्प असा, आणि मग बराच वेळ काही नाही.

मी: “१३ जुलै, गुरुवार. वाडा पाहिला. पश्चिमेची भिंत गेली. माडी उभी, आत गाळ. गुरुवारचा शोधत शोधत शाळेत आला. ९ पोळ्या, कांदे. मुलांना दिल्या. तो जेवला की नाही विचारायचे राहिले.”

ताई (नागपूर): काका, तो गुरुवारी जेवायला यायचा म्हणून त्या दिवशी पोळ्या घेऊन आला?

मोठे काका: हो. त्याचं शुक्रवारचं घर सदाशिव पेठेत चढावर होतं, तिथे पाणी नव्हतं आलं. तिथे जाऊन म्हणाला, माझं उद्याचं पान आज द्याल का, आणि जमलं तर थोडं जास्त. त्यांनी दिलं. मग तीन शाळा फिरून चौथीत आम्ही सापडलो. हे त्याने आईला सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो.

मी: पुढचं पान. “१४ जुलै, शुक्रवार. घरात म्हणणे, आता त्याचा शुक्रवारही आपला.”

मी: शाळेतल्या मुक्कामापासूनच आठवड्यातून दोनदा नोंद आहे. ६२ सालीही “गु. शु. जे.” १९६३च्या जूनमध्ये शेवटची: “गु. शु. पेढे देऊन गेला. ओव्हरसियर झाला. पी. डब्ल्यू. डी.त लागला. घरात दिवसभर गप्प.”

काकू: या डायऱ्या मी कुणाला देत नाही आता. नव्या घरी माझ्याबरोबर येतील. फोटो काढायला कधीही या.

भाऊ (टोरांटो): काका, १९६३ला डिप्लोमा झालेला, गुहागरकडचा, पी. डब्ल्यू. डी.त. एवढ्यावर शोधता येईल का? ऐंशीच्या पुढे वय असेल.

मोठे काका: मी पेन्शनर मंडळींच्या कट्ट्यावर उद्याच विचारतो. दोघे जण त्याच खात्यातले आहेत.

मोठे काका: अजून एक लिहायचं आहे. दुपारपासून लिहू की नको चाललंय.

मोठे काका: पोळ्या ९ नव्हत्या, १० होत्या. शाळेच्या फाटकावर पुरचुंडी मीच घेतली त्याच्या हातून. तो आईला शोधायला पुढे गेला आणि मी जिन्यात एक खाल्ली. कालपासून पोटात काही नव्हतं. वर येऊन मोजल्या तेव्हा ९ भरल्या आणि अण्णांनी ९ लिहिल्या. दहावी त्याने स्वतःसाठी घेतलेली असणार. मी कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही.

आत्या: दादा, तू सोळा वर्षांचा होतास रे. आणि मला खांद्यावर घेऊन चालला होतास.