रविवारचं श्रमदान की सावड?

सेक्रेटरी: नमस्कार, रविवारी सकाळी ७ ला गच्चीवरचा पालापाचोळा काढायचा आहे, पावसाच्या आत पाइप मोकळे व्हायला हवेत. प्रत्येक घरातून एकाने श्रमदानासाठी यावे ही विनंती 🙏

नीलेश ए-१०३: आणि फोटो काढून झाल्यावर गायब होऊ नका प्लीज

सुलभाकाकू: श्रमदान कसलं हो, गच्ची आपली, गळणार आपल्याच घरात, दान कुणाला करतोय आपण? आमच्या संगमेश्वराकडे ह्याला सावड म्हणतात. लावणीला आज पाच माणसं माझ्या खाचरात आली की उद्या मी त्यांच्या खाचरात, एक एक करून सगळ्यांची फेड करायची, पैशाचा विषयच नाही. एकच बैल असला तर शेजारच्याचा एक घेऊन जोत जुंपायचं, आधी त्याचं शेत मग माझं. पण हिशोब सगळ्यांच्या तोंडपाठ हं, कोण आलं नाही ते पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात राहतं

ओंकार: काकू सावडणं म्हणजे ते अस्थींचं ना 😳

सुलभाकाकू: ते गोळा करणं रे, ही सावड वेगळी, घाबरू नकोस

पाटील डी विंग: आमच्या कोल्हापूरकडं पैरा म्हणत्यात. भांगलणीला, म्हंजे तण काढायला, बायका पैऱ्यानंच जायच्या. आणि इर्जिक म्हणजे अजून निराळं, बरेच नांगर एकाच दिवशी एकाच्या रानात, आणि जेवण मालकाकडं, जेवण बेताचं झालं तर गावभर चर्चा

देशपांडे सर: बोर्डावर आपण सहकारी गृहनिर्माण संस्था लिहितो, त्यातला सहकार म्हणजे सह अधिक कृ धातू, बरोबरीने करणे. गंमत म्हणजे संस्कृतात सहकार हे आंब्याच्या झाडाचंही नाव आहे, शाकुंतलात वनज्योत्स्ना नावाची वेल ह्याच सहकाराला बिलगलेली आहे. आपल्याकडे कायदा म्हणून सहकार आला १९०४ ला, तो फक्त पतसंस्थांपुरता, १९१२ च्या कायद्याने बाकीच्यांना वाट झाली आणि १९१५ ला मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी घरांसाठी सोसायटी काढली. आपली नोंदणी १९६० च्या कायद्याखाली. सावड त्याआधीची, तिला रजिस्टर लागलं नाही.

नीलेश ए-१०३: सर आंब्याचं भारी आहे

महेश सी-३०४: मला रविवारी जमणार नाही, मी ५०० रु देतो, कुणीतरी माणूस लावा

सुलभाकाकू: सावडीत माणसाला माणूसच लागतो महेश, स्वतः नाही जमलं तर घरचा कुणी पाठवायचा. पोरगा मोठा झालाय की तुझा

महेश सी-३०४: त्याचा क्लास आहे काकू

पाटील डी विंग: क्लास ११ ला असतोय, आमचा पण तिथंच जातोय

महेश सी-३०४: बरं पाठवतो

सेक्रेटरी: खराटे ऑफिसात ४ च आहेत, घमेली ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणा. आणि नाश्त्याचं कोण बघतंय?