डार्क स्टार, २७ फेब्रुवारी १९६९ : तेवीस मिनिटं नक्की काय ऐकायचं?

कोमल_नि
ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा 'लाइव्ह/डेड' (१९६९) हा मैफिलींतला अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही सातव्या मिनिटाला बंद केला होता. आता साठ-सत्तर वेळा ऐकून झाल्यावर धागा काढायची हिंमत करतोय.

माझं म्हणणं एवढंच : त्यातल्या तेवीस मिनिटांच्या 'डार्क स्टार' या गाण्यात गिटारच्या मागे लागू नका, बास, म्हणजे खर्जातली गिटार, ऐका. हेडफोन लावूनच. फोनच्या स्पीकरवर बास पोचतच नाही, आणि मग लोक म्हणतात 'काही घडतच नाही'.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहातली रात्र. अल्बमवर आवाज हळूहळू वर येतो, म्हणजे आधीच रंगलेल्या गप्पांत आपण दार लोटून शिरतो. मंचावर दोन ड्रमर, पण ठेका कुणी धरलेला नाही. कुणीतरी गुइरो, म्हणजे खाचा पाडलेला भोपळा, खरवडतंय. जेरी गार्सियाची गिटार एक छोटी सुरावट घेते आणि सोडून देते. फिल लेश बासवर ती उचलतो, पण होकार देत नाही, उलट प्रश्न विचारतो. पाश्चात्त्य 'ए' (A) हा सूर षड्ज धरा. वर शुद्ध गंधार, कोमल निषाद. खमाज म्हणत नाही, सूर तेवढे ओळखीचे. शब्द यायला सहाएक मिनिटं लागतात. तोवर पुढे कोण आणि साथीला कोण, हे चारदा तरी बदललेलं असतं.

सम_कुठाय
लिहिलंय छान, पण पटलं नाही.

विलंबित एकतालात गायक भरकटला तरी बारा मात्रांनी कुठे यायचंय हे त्याला माहीत असतं, तबलजीला माहीत असतं आणि तिसऱ्या रांगेतल्या माझ्या आत्यालाही माहीत असतं. म्हणून मुखडा पकडला की तिच्या तोंडून 'वा' निघते. इथे कशाची वाट बघायची? ज्याला कुठे पोचायचंच नाही तो उशिरा पोचला काय नि लवकर पोचला काय. दोन सुरांवर तेवीस मिनिटं दळण. याच गाण्याची १९६८ची तबकडी तीन मिनिटांच्या आत आटपते, ती मला जास्त प्रामाणिक वाटली.

आणि साठ-सत्तर वेळा? अहो, एका रात्रीची उपज तुम्ही पाठ करून टाकलीत. आता ती बंदिश झाली. उत्स्फूर्ततेचं कौतुक करायचं आणि ऐकायचं मात्र लोणचं घातलेलं!

उनाड
धाग्यावर रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

ढोलकीवाला
सम_कुठाय, सम हवीय ना? मग 'डार्क स्टार'वर थांबू नका. अल्बमवरचं पुढचं गाणं 'सेंट स्टीफन' संपवून त्यापुढच्या 'द इलेव्हन'पर्यंत जा. नावातच अकरा आहे. तीन-तीन-तीन-दोन. रुद्र तालाच्याही मात्रा अकराच, बोल आणि विभाग अर्थात वेगळे. बँडचा ड्रमर मिकी हार्टला १९६७ साली उस्ताद अल्लारखाँ भेटले, त्यानंतर तो हिशेब शिकण्याच्या मागेच लागला. पुढे १९७६ साली झाकीरभाईंबरोबर 'दिगा र्‍हिदम बँड'चा अल्बम केला. मोजणी येत नाही म्हणून ठेका सोडला, असं या मंडळींबद्दल तरी म्हणू नका.

सम_कुठाय
ढोलकीवाला, मोजता येणं आणि मोजणं यात फरक आहे. असो.

'द इलेव्हन'चा विषय तुम्हीच काढलात ते बरं केलंत. अल्बमवर 'सेंट स्टीफन'मधून तिथे जो बेमालूम प्रवेश होतो, त्यावर तुमचे भक्त 'समूहाचं एक मन' म्हणत जीव टाकतात. पण तो 'द इलेव्हन' त्या रात्रीचा नाहीच! २६ जानेवारीचा आहे, अ‍ॅव्हलॉन बॉलरूमचा. एक महिना आणि एक सभागृह मध्ये सोडून डिंकाने चिकटवलाय. या सांध्याला 'समूहाचं एक मन' म्हणायचं?

कोमल_नि
डिंकाचा मुद्दा मान्य. मलाही ते कळलं तेव्हा दोन दिवस वाईट वाटलं होतं.

पण फिलमोर वेस्टच्या त्या चारही रात्री २००५ साली दहा सीडींत पूर्ण बाहेर आल्या. २७ तारखेला बँड तिथेही 'डार्क स्टार'मधून 'सेंट स्टीफन', तिथून 'द इलेव्हन' असाच न थांबता गेलाय. डिंक अल्बमवाल्यांचा, वाट वादकांचीच.

लोणच्याबद्दल : खरंय, गार्सियाच्या जागा मला पाठ आहेत. पण मी त्या ऐकतच नाही आता. लेश मुळात ट्रम्पेटवाला, इटालियन संगीतकार लुचानो बेरिओकडे थोडं शिकलेला. १९६५ साली बँडमध्ये आला तेव्हा बास हातात धरलेला नव्हता. म्हणून त्याला बासवाल्याच्या सवयीच नाहीत. षड्जावर पाय रोवून उभं राहणं त्याला जमत नाही. तो खालून दुसरं गाणं सुरू करतो आणि गार्सियाला ठरवावं लागतं, जायचं की नाही. काही वेळा गार्सिया जात नाही. ते ऐकायला बसतो मी. पोचणं नाही, ते नकार.

कॅसेटवेडी
कॅलिफोर्नियातून. दोघंही एकाच उत्तम रात्रीवर भांडताय! इथले जुने लोक बँडच्या मैफिलींच्या टेपांची देवाणघेवाण करायचे. १९८४पासून तर बँडनेच रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना वेगळी जागा दिली. त्या ढिगात कंटाळवाण्या रात्री भरपूर. मी एकदा लागोपाठ तीन ऐकल्या. तिसऱ्या रात्री सगळेच वादक एकमेकांची वाट बघत नुसते घोटाळतात, कुणीच काही म्हणत नाही. लग्नाच्या पंगतीत मीठ कुणी मागायचं असं झालेलं. ते ऐकल्यावरच २७ फेब्रुवारीला काय जमलं होतं ते मला कळलं. सम_कुठाय, तुमचं 'दळण' बऱ्याच रात्रींना लागू आहे, हे मात्र खरं.

सम_कुठाय
कॅसेटवेडी, या धाग्यावर शुद्धीवर असलेल्या तुम्ही एकट्याच.

काल रात्री हेडफोन लावून बसलो. मत बदललेलं नाही, शब्द आले तेव्हा चक्क हुश्श केलं. पण भोपळा सापडला.

ढोलकीवाला
आणि अकरा?

सम_कुठाय
चार आवर्तनं हातावर बरोबर आली. पाचव्याला बायकोने दार वाजवलं.