कॉलरचा सिग्नल गेला म्हणजे जनावर मेलं धरायचं का? सर्व्हायव्हलचा हिशोब कसा करू?

माळावरचा_विद्यार्थी (पुणे)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमएस्सी करतोय, विषय झूलॉजी, त्यामुळे स्टॅटिस्टिक्स एका पेपरपुरतंच झालंय. डिझर्टेशनसाठी सरांनी रेडिओ कॉलर लावलेल्या लांडग्यांचा जुना डेटा दिलाय, माळरानावरचा आहे, नेमका कुठला ते इथे लिहायची परवानगी नाहीये. एकूण २३ जनावरं. त्यातली ७ मेल्याची खात्री आहे म्हणजे बॉडी सापडली, ६ जणांचा सिग्नल मधेच गेला तो परत आलाच नाही, आणि उरलेली १० अभ्यास संपेपर्यंत जिवंत होती. सगळ्यांना कॉलर एकदम लावलेली नाही, काही सुरुवातीच्या हिवाळ्यात आणि काही पार दीड वर्षांनी.

मला वर्षभर जगण्याची शक्यता काढायचीये. सरळ १६ भागिले २३ केलं तर चालेल का? लॅबमधले एक सिनियर म्हणतात ते ६ पण मेलेलेच धर, कारण कोणी लांडगा मारला तर तो कॉलर फोडून विहिरीत टाकणारच. मैत्रीण म्हणते ते ६ डेटातून काढूनच टाक. मला दोन्ही पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. प्लीज कोणीतरी समजावा.

आकडेमोड_कोथरूड

पटत नाहीये ते बरोबरच आहे. १६/२३ केलंस तर ७० टक्के, सहाही मेलेले धरले तर ४३, सहाही काढून टाकले तर ५९. डेटा एक आणि उत्तरं तीन, आणि त्यातलं एकही वार्षिक नाही, कारण कोणतं जनावर किती महिने नजरेखाली होतं हे या भागाकारात कुठे येतच नाही.

सिग्नल गेलेल्या लांडग्याबद्दल तुला एक गोष्ट पक्की माहितीये, शेवटचा सिग्नल आला तोपर्यंत तो जिवंत होता. तेवढी माहिती वापरायची आणि तिथे थांबायचं, याला राइट सेन्सॉरिंग म्हणतात. काढून टाकलंस तर तो जगलेले महिने वाया जातात आणि मृत्यूदर उगाच फुगतो.

पद्धत कॅप्लन-मायरची, १९५८ ची. वेगवेगळ्या वेळी कॉलर लागलेल्या प्राण्यांसाठी पोलॉक आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तिचं स्टॅगर्ड एंट्री रूप मांडलं, तुला तेच लागणार. हाताने करून बघ. समज पहिल्या महिन्यात १० प्राणी नजरेखाली आहेत, १ मेला, म्हणजे ०.९. महिनाअखेर एकाचा सिग्नल गेला, राहिले ८, आणि ४ नवीन कॉलर लागल्या म्हणून दुसऱ्या महिन्यात १२. त्यातले २ मेले, १०/१२ म्हणजे ०.८३. दोन्हींचा गुणाकार ०.७५. दर महिन्याला त्या महिन्यात खरोखर कॉलरखाली असलेल्यांनाच छेदात धरायचं, बस.

फक्त सुरुवातीला छेद लहान असेल तर जपून. पहिल्या महिन्यात दोनच प्राणी असतील आणि एक मेला तर आकडा ०.५ वर येतो आणि पुढचा सगळा गुणाकार त्या अर्ध्यावरूनच होतो. पुरेशा कॉलर लागल्या त्या महिन्यापासून हिशोब सुरू कर आणि तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही.

सुपेकर

वरचा हिशोब बरोबर आहे पण त्याच्या पोटात एक अट आहे आणि ती फील्डवर बऱ्याचदा मोडते. सिग्नल जाण्याचा आणि मरण्याचा एकमेकांशी संबंध नाही असं ही पद्धत गृहीत धरते. बॅटरी संपली, पट्टा गळून पडला, अँटेना तुटली तर ठीक. पण तुमचे सिनियर म्हणतात तसं मारणाऱ्यानेच कॉलर फोडली असेल तर सिग्नल जाणं हाच मृत्यू आहे, आणि मग तुमचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसणार. लांडग्याच्या बाबतीत ही शंका घ्यायलाच हवी, मेंढपाळाचं नुकसान होतं तिथे असं घडू शकतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. आजोबा नावाचा बिबट्या, २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढला, कॉलर लावून माळशेजला सोडला, तिथून तो चालत चालत मुंबईत संजय गांधी उद्यानापर्यंत गेला, जवळपास १२० किलोमीटर. कॉलर पुढे बंद पडली. २०११ मध्ये तो हायवेवर गाडीखाली गेला तेव्हा अंगातल्या मायक्रोचिपवरून ओळख पटली. सिनियरच्या नियमाने तो कॉलर बंद पडली त्याच दिवशी मेला असता.

आणि इथेच एक मोह होतो तो टाळा. कॉलर बंद पडल्यावर बॉडी सापडली तर कॅप्लन-मायरमध्ये त्याला मृत्यू म्हणून घालू नका, शेवटच्या सिग्नललाच सेन्सॉर ठेवा. कारण कॉलर बंद पडूनही जिवंत फिरणाऱ्यांची खबर आपल्याकडे येत नाही, फक्त मेलेल्यांचीच येते, मग पारडं एका बाजूला झुकतं. ती माहिती वापरायचीच असेल तर बर्नहॅमचं १९९३ चं जॉइंट लाइव्ह-डेड मॉडेल आहे, जिवंत दिसल्याच्या आणि मेलेलं सापडल्याच्या नोंदी एकत्र वापरणारं, मार्क सॉफ्टवेअरमध्ये मिळतं.

तुम्ही त्या ६ जणांचे शेवटचे रेकॉर्ड एकेक करून बघा. बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू उतरत गेलं होतं का, फिक्स म्हणजे लोकेशनच्या नोंदी कमी कमी होत गेल्या का, की चांगलं चाललेलं अचानक बंद? शेवटचं लोकेशन वस्तीजवळ होतं का? मॉर्टॅलिटी सेन्सरचा, म्हणजे जनावर बराच वेळ हललं नाही की कॉलर देते तो मेसेज आला होता का?

गवताळ_ताई

सुपेकर दादांचं सगळं खरं. मी आर (R) या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच करते म्हणून थोडी भर. सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये स्टार्ट, स्टॉप, इव्हेंट असे तीन कॉलम द्यायचे. स्टार्ट म्हणजे कॉलर लागली तो दिवस, पण मोजायचा कॅलेंडरवर, प्रत्येकाचा शून्यापासून नाही. लांडग्याला पावसाळा वेगळा आणि उन्हाळा वेगळा, कॉलर लावल्यापासूनचे दिवस मोजले की तो फरक पुसून जातो.

पकडताना आणि बेशुद्ध करताना बसलेल्या धक्क्याने पहिल्या काही दिवसांत मृत्यू होतात, म्हणून बरेच जण पहिले दोन आठवडे वगळतात. वगळायचे तर सगळ्यांचेच वगळा, म्हणजे प्रत्येकाची एंट्री १५ व्या दिवसापासून. फक्त लवकर मेलेल्यांना काढून बाकीच्यांचे ते १४ दिवस ठेवले तर तेवढे दिवस फुकटचे जगलेले धरले जातात आणि आकडा वर जातो.

गाडीखाली किती, रोगाने किती असं वेगळं काढायचं असेल तर एका कारणाचा कॅप्लन-मायर काढून तो १ मधून वजा करू नकोस, बेरीज जास्त येते. क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स काढ, म्हणजे बाकीची कारणंही हिशोबात धरून त्या एका कारणाने मरण्याची शक्यता. पण ७ मृत्यूंवर कॉक्स मॉडेलमध्ये (कशामुळे मृत्यूचा धोका वाढतो ते बघणारं मॉडेल) वय, लिंग, रस्त्यापासूनचं अंतर असं सगळं कोंबायचं नाही. एका व्हेरिएबलमागे निदान दहाएक मृत्यू हवेत असा ढोबळ नियम आहे, त्या हिशोबाने तुला एकसुद्धा जड जाईल. कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, मात्र द्यायलाच हवा, तो रुंद आला तरी. १२ प्राण्यांपैकी वर्षभरात एकही मेला नाही तरी खरा मृत्यूदर २२ टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढी अनिश्चितता लहान सॅम्पलमध्ये असतेच.

माळावरचा_विद्यार्थी

खूप खूप आभार सगळ्यांचे. रेकॉर्ड उघडून बसलो काल. ६ पैकी दोघांचं व्होल्टेज सरळ उतरत गेलंय, ती बॅटरीच. एकाने जाण्याआधी महिनाभर लांब लांब फेऱ्या मारल्यात, मला वाटतं तो कळप सोडून निघून गेला. तिघं मात्र अचानक बंद, बॅटरी चांगली असताना, आणि तिन्ही रात्री. या तिघांचं काय करू?

सुपेकर

दोनदा चालवा. एकदा तिघांना सेन्सॉर करून, एकदा तिघांना शेवटच्या सिग्नलच्या दिवशी मेलेलं धरून. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा आणि तिघांची शेवटची लोकेशन नकाशावर दाखवा. आणि त्या गावांत जाऊन मेंढपाळांशी बोला, चौकशीला आल्यासारखं नाही, बसून चहा घेऊन. जुनी गोष्ट असेल तर सांगतातही लोक.

गवताळ_ताई

आणि जो लांब गेला त्याला सेन्सॉरच ठेव, पण मेथड्समध्ये एक ओळ लिही की कळप सोडून जाणाऱ्यांना धोका जास्त असू शकतो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कोणी स्टॅटवाले असतील तर पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल.